पैठण दरवाजातून आत

गंगापूरच्या माणसाला औरंगाबाद म्हणजे एक रस्ता होता. बाकीचं शहर आपल्या जागी असेल, पण त्याच्याशी आमचा संबंध यायचा तो कोर्टकचेरीपुरता, नाहीतर कुणी घाटीत ॲडमिट असेल तेवढ्यापुरता. "उद्या औरंगाबादला चाललोय" असं कुणी म्हणालं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे यायचा तो हाच रस्ता: पैठण गेटपाशी सुरू होणारा, टिळकपथावरून गुलमंडीला येणारा, मछली खडकातून सिटी चौक गाठणारा आणि सराफ्याच्या अंगाने शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यापाशी पोचणारा. लांबी म्हणाल तर जेमतेम दोन किलोमीटर. लग्नाचा बस्ता, मंगळसूत्राचे मणी, बारशाची वाटी, चष्म्याची काडी, देवाची तसबीर. गंगापुरात न मिळणारं सगळं या दोन किलोमीटरांत मिळायचं. तिथेही नाहीच मिळालं तर ती वस्तू जगातच नाही असं समजून माणूस संध्याकाळची एसटी धरायचा.

आता एसटीच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं. जुन्या गोष्टी सांगताना माझ्या तोंडी जुनं नाव येतं, इतकंच. तसं हे शहर नावं बदलून घेण्यात मुरलेलं आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी नावाच्या खेड्यावर राजधानी मांडली. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, तिला फतेहनगर केलं. दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने 1653 मध्ये स्वतःचं नाव दिलं. आणि 2023 च्या फेब्रुवारीत केंद्राने नव्या नावाला मंजुरी दिली. ती बातमी मी अण्णांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "अन् गुलमंडीचं?" गुलमंडीचं आहे तेच आहे म्हटल्यावर त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला आणि राशिभविष्य काढलं.

अण्णा माझे वडील. शिवणकाम करायचे. गंगापुरात बाजाराच्या वाटेवर त्यांचं दुकान होतं, म्हणजे एक पायमशीन, एक कापायचं टेबल, कोळशाची इस्त्री आणि भिंतीवर टांगलेले, शिवून तयार पण गिऱ्हाईक न फिरकलेले सदरे. कापड लोक आपलं आपण आणायचे. बाकीचा माल अण्णांना लागायचा. रिळं, अस्तराचं कापड, कॉलरीत घालायचं बकरम, चेनी, हुकं, काजाचा दोरा, सोळा नंबरच्या सुया, खडू, मशीनचं तेल. आणि बटणं. या मालासाठी ते रस्त्यावर जायचे आणि शाळेला सुट्टी असली की मला न्यायचे. पिशवी धरायला, असं आईला सांगायचे. खरं म्हणजे त्यांना बोलायला कुणीतरी हवं असायचं. दुकानात दिवसभर तोंडात सुई नाहीतर टाचणी धरलेली, त्यामुळे माणूस कमी बोलतो असा त्यांचा गावात लौकिक होता. या रस्त्यावर ते सुटायचे.

ढोरेगाव, दहेगाव, लिंबेजळगाव, वाळूज, मग नगर नाका, छावणी आणि बाबा पेट्रोल पंपाचं वळण. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलं की गुलमंडी गाठायला औरंगपुऱ्यावरून सरळ वाट होती. ती अण्णा कधी घ्यायचे नाहीत. उन्हातान्हात वळसा घालून ते पैठण गेटपाशी यायचे आणि दरवाजापासून चालायला लागायचे. "घरात खिडकीतून शिरतं का कोणी?" हे त्यांचं कारण. त्यांना इतिहास शिकवलेला नव्हता, चौथीपर्यंतची शाळा झालेली आणि तीही निजामाच्या राज्यातली, म्हणजे निम्मी उर्दूत. पण दरवाजातून गेलो तरच शहरात गेलो, ही त्यांची ठाम समजूत.

दरवाजा तसा या रस्त्याच्या मानाने नवाच म्हणायचा. औरंगजेब दख्खनेत मुक्कामाला आला तेव्हा, 1682 च्या सुमारास, शहराभोवती तट उठला. मराठ्यांच्या धाडींचा धसका होता. त्याआधी, 1660 च्या दशकात येऊन गेलेला तेवनो नावाचा फ्रेंच प्रवासी सांगतो की एवढं मोठं शहर, पण याला तट नाही. चार दिशांना चार मोठे दरवाजे झाले. उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, पश्चिमेला मक्का आणि दक्षिणेला हा पैठण. शिवाय लहान दरवाजे, खिडक्या, आतले जुने. बावन दरवाजे आणि बावन पुरे असं अजूनही लोक अभिमानाने सांगतात. मोजायला निघालं तर डझनभर नीट उभे सापडतात. तट तर बहुतेक ठिकाणी लोकांच्या घरांच्या पायात गेला. दरवाजे मात्र रहदारीच्या मध्ये कुणीतरी विसरून ठेवल्यासारखे उभे आहेत. माझ्या लहानपणी पैठण गेटच्या सावलीत कुलुपांच्या किल्ल्या करून देणारे बसायचे. अण्णा तिथे थांबून चपलेतला खडा काढायचे, टोपी नीट करायचे आणि मग आत.

आत गेल्यावर त्यांची नजर दुकानांकडे नसायची, माणसांच्या अंगाकडे असायची. दुसऱ्याच्या हातचं काम ते चालता चालता वाचत. समोरून एखादा सफारीवाला ऐटीत येत असला की हळूच म्हणायचे, "मुंढा बघ. हात वर केला की पाठ निघंल." खरंच तो माणूस टांग्याला हात करायचा आणि पाठीमागून सफारी वर सरकायची. कुणाच्या कॉलरीचं एक टोक आखूड, कुणाच्या पँटचा आसन चुकलेला, कुणाच्या ब्लाउजचा टक्स भलत्याच ठिकाणी (हे ते मला न सांगता स्वतःशीच पुटपुटत, पण ऐकू यायचं). शहागंजाकडून येणाऱ्या म्हाताऱ्या शेरवान्यांपुढे मात्र ते गप्प होत. उन्हाने विटलेली, कोपरावर झिजलेली शेरवानी, पण गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एक रेघ. "असं काप आता कोण काढतंय," म्हणायचे आणि तो माणूस गर्दीत दिसेनासा होईपर्यंत मान वळवून बघत राहायचे. मला त्या वयात त्याची लाज वाटायची. लोकांकडे असं रोखून बघतात का?

गुलमंडीला आलं की सुपारी हनुमानाला हात जोडायचे आणि मग बटणांच्या दुकानात. गुलमंडी हा फुलांचा बाजार होता म्हणतात. आम्ही पाहिला तो कपड्यांचा, मिठाईचा आणि गर्दीचा. बटणांचं दुकान बोळासारखं अरुंद आणि खोल. दोन्ही भिंतींना छतापर्यंत पुठ्ठ्याचे लहान लहान डबे आणि प्रत्येक डब्याच्या तोंडावर आतलं एक बटण दोऱ्याने टाचलेलं. म्हणजे वाचता येत नसलं तरी चालेल, बोट दाखवायचं. शिंपल्याची, शिंगाची, लाकडाची, काचेची, पितळी, कापड मढवलेली, आणि प्लास्टिकची तर अगणित. मालक मारवाडी. पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. अण्णा त्यांना शेठ म्हणायचे आणि ते अण्णांना "गंगापूरवाले मास्टर". बटणं ग्रोसवर मिळायची, बारा डझनांचा एक ग्रोस. शेठ मोजायचे नाहीत, तागडीत तोलायचे. अण्णांचा तागडीवर विश्वास नव्हता. ते मला कोपऱ्यात बसवून मोजायला लावायचे, आणि शेठ ते पाहून हसायचे, रागवायचे नाहीत. "गिन ले बेटा, गिन ले." मोजून झालं की समोरच्या मिठाईच्या दुकानातली गरम इमरती यायची. द्रोणात पाक ठिबकणारी, नारिंगी, मध्ये भोकांची नक्षी. ती खाल्लेल्या बोटांनी अस्तराच्या कापडाला हात लावायचा नाही असा दम मिळायचा आणि मी तो दरवेळी मोडायचो.

या सगळ्याच्या पुढे, सिटी चौकाच्या अलीकडे एका बोळात, एक उस्ताद होते. शेरवान्या शिवायचे. अण्णांनी त्यांना गुरू केलेलं नव्हतं, पण गुरूसारखं मानलं होतं. ओळख कशी झाली ते मला माहीत आहे, कारण घरात ती गोष्ट लग्नाच्या गोष्टीपेक्षा जास्त वेळा सांगितली गेली. गंगापुरातल्या एका बड्या घराने मुलाच्या लग्नासाठी हिमरू आणलं होतं. हिमरू म्हणजे औरंगाबादचं वैभव. सुती ताण्यावर रेशमाचं नक्षीकाम, जर न वापरता किनखाबाचा थाट. महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेला हलवली तेव्हा विणकर इकडे आले आणि हे काम रुजलं, असं सांगतात. पुढे 1763 मध्ये निजामाची राजधानी औरंगाबादहून हैदराबादेला गेली, सरदार-दरकदार गेले, पण हिमरूचे माग इथेच राहिले, आणि हैदराबादच्या अमीर-उमरावांच्या शेरवान्या औरंगाबादच्या हिमरूच्या होत राहिल्या.

तर ते कापड अण्णांच्या टेबलावर पडलं आणि अण्णांचा हात कात्रीकडे जाईना. हिमरू उलटं करून बघितलं की कळतं. नक्षीचे सगळे धागे मागच्या बाजूला मोकळे लोंबत असतात. कात्री लावली की ते उसवणार, आणि एकदा फूल उसवलं की ते पुन्हा भरता येत नाही. अण्णांनी ते कापड दोन रात्री उशाशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने औरंगाबाद, आणि रस्त्यावर शेरवानी घातलेला पहिला चांगला माणूस दिसला त्याला अडवून विचारलं, साहेब, ही कुठे शिवली? त्या भल्या माणसाने त्यांना बोळापर्यंत आणून सोडलं.

उस्तादांनी कापड हातात घेतलं, उलटवलं, पुन्हा घडी घातली. म्हणाले, "मास्टर, तुम डरे, अच्छा करे. जो नक्को डरता, वो कपडा मारता." मग त्यांनी दाखवलं. आधी हिमरूच्या खाली मलमल अंथरायची. दोन्ही कापडं एक करून आखणीच्या बाहेरून कच्चा टाका घालून घ्यायचा, सगळीकडून. मग कापायचं, आणि शिलाईत माया दुपटीने सोडायची. "लग्न झाल्यावर नवरदेव फुगतो," हे पुढचं ते दख्खनीत म्हणाले आणि अण्णा ते घरी मराठीत सांगायचे. शेरवानी झाली. त्या घरातल्या नवरदेवाचा फोटो पुढे बरीच वर्षं दुकानात लावलेला होता. अण्णांना त्यात नवरदेव दिसायचा नाही, डाव्या छातीवर अर्धं फूल अर्ध्या फुलाला कसं जुळलंय ते दिसायचं.

उस्तादांच्या बोळात माझा वेळ फार रेंगाळायचा. दोघंही कमी बोलणारे, आणि एकमेकांपुढे बोलके. दोघंही कापड गज आणि गिरहमध्ये मोजायचे. सोळा गिरहांचा एक गज. मीटर आला, शाळेत मी मीटर शिकलो, दुकानात टेपवर इंच होते, पण हे दोघं बोलताना गिरहवर यायचे. बोळाच्या तोंडाशी नहरीची जुनी पडकी टाकी होती. मलिक अंबरने हर्सूलकडच्या डोंगराखालचं पाणी खापराच्या नळ्यांतून शहरभर खेळवलं, ती नहर-ए-अंबरी. उस्ताद सांगायचे की त्यांच्या वडलांनी या टाकीचं पाणी प्यायलंय. पुढे कधीतरी नळासाठी रस्ता खोदला तेव्हा तिथे खापराची नळी निघाली, मनगटाएवढ्या जाडीची. मजुराने ती फावड्याने बाजूला सारली. उस्तादांनी तिचा तुकडा उचलून खिडकीत ठेवला आणि त्यात टाचण्या ठेवायला सुरुवात केली.

रस्त्याची शोभा बघायची तर दोन वेळा. गणेश विसर्जनाला, राजाबाजारातल्या संस्थान गणपतीची पूजा होऊन मिरवणूक निघते आणि शहागंज, सिटी चौक, गुलमंडी करत औरंगपुऱ्याकडे जाते तेव्हा; आणि रमजानच्या शेवटच्या आठवड्यात रात्री. विसर्जन आम्ही कधी पाहिलं नाही, कारण रात्रीची परतीची गाडी नसायची. रमजानचा बाजार एकदा पाहिला. उस्तादांकडे ईदचं काम तुंबलं होतं आणि अण्णा त्यांना काज करून द्यायला थांबले. रात्रभर. मी शिवलेल्या कपड्यांच्या ढिगावर झोपलो. मध्येच जाग आली तर बाहेर शेवयांच्या ढिगाऱ्यांवर दिवे, अत्तर, चुडे, आरडाओरडा, आणि आत दोघं एकमेकांकडे न बघता हात चालवताहेत. हातकाजात त्यांचा वेग मोठा होता. पहाटे उस्तादांनी पैसे पुढे केले. अण्णांनी ते न घेता नान-खलिया मागितला. आमच्या घरी माळकरी आई, त्यामुळे ही गोष्ट आमच्या दोघांतच राहिली.

आता वाईटाकडे यायला हवं. ते या रस्त्यानेच आलं.

1985 मध्ये वाळूजला बजाजची फॅक्टरी सुरू झाली. वाळूज आमच्याच तालुक्यात. मागोमाग आणखी कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, आणि गंगापूरच्या पोरांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळायला लागला. पगार झाला की पोरं बसायची एसटीत किंवा स्वतःच्या मोटारसायकलवर आणि थेट पैठण गेट. तिथे तोपर्यंत टिळकपथाच्या दोन्ही बाजूंना रेडिमेडची दुकानं लागलेली होती, पुढे हातगाड्या लागल्या. जीन, टीशर्ट, बगी, पुन्हा जीन. माप द्यायला नको, ट्रायलला यायला नको, "परवा या" नको. माझ्या धाकट्या चुलतभावाने पहिल्या पगाराची जीन घेतली आणि अण्णांना दाखवायला आणली. अण्णांनी ती आत-बाहेर उलटून पाहिली. दुहेरी शिलाई, खिशाच्या कोपऱ्यांना रिपीट, पितळी बटण. म्हणाले, "मजबूत आहे." मग थोडं थांबून, "मी असली शिवली तर शिलाईच या जीनच्या किमतीची होईल."

दहा वर्षं लागली नसतील. आधी पँटी गेल्या, मग सदरे, मग शाळेचे गणवेशही घाऊक यायला लागले. ब्लाउज बायका बायकांकडे शिवायच्या. अण्णांकडे उरली ती म्हातारी गिऱ्हाइकं, नेहरूशर्ट आणि पायजमा. मग एक दिवस त्यांनी पुठ्ठ्यावर खडूने लिहून दुकानाबाहेर लावलं: जीन पँटची लांबी कमी करून मिळेल. पैठण गेटवर घेतलेली जीन गंगापुरात येऊन अण्णांच्या मशीनखाली जायची. त्यासाठी गंजाच्या रंगाचा जाड दोरा लागायचा, तो मिळायचा गुलमंडीवर. म्हणजे अण्णा पुन्हा एसटीत, पुन्हा पैठण दरवाजातून आत, पुन्हा दोन्ही बाजूंच्या रेडिमेडच्या दुकानांमधून, ज्यांनी त्यांना या पुठ्ठ्यावर आणलं, त्यांच्याच मधून. मला संताप यायचा. मी म्हणालोही, अण्णा, तो दोरा मी आणत जाईन, तुम्ही कशाला जाता. ते म्हणाले, "मग मी जाऊ कुठं?"

त्यांनी त्या दुकानांचा राग केला नाही हे मला अजून नीट समजलेलं नाही. उलट बाहेर लटकवलेल्या पुतळ्यांच्या अंगातले शर्ट ते चिमटीत धरून बघायचे. दुकानातला पोरगा आतून ओरडायचा, "काका, घ्यायचाय का?" अण्णा म्हणायचे, "बघू दे की, कॉलर बरी बसवलीय." कारागिराला दाद द्यायची तर तो कोणत्या गावचा, त्याने आपलं किती नुकसान केलं, हे मध्ये आणायचं नाही असा काही नियम त्यांनी स्वतःपुरता केला असावा. मी तसा नाही. मी त्या रस्त्यावरून रेडिमेडचा शर्ट घेताना आजही किमतीवरून भांडतो आणि त्यात कापडापेक्षा जुना हिशेबच जास्त असतो.

मग रस्त्यावरही तेच आलं जे अण्णांवर आलं होतं. काटछाट. 2011-12 च्या सुमारास शहरात रस्ते रुंद करायची मोठी मोहीम निघाली. गुलमंडीकडचा रस्ता जुना, दोन टांगे एकमेकांना घासून जातील एवढा, त्याच्यावर आता चारचाकी. रुंद करणं गरजेचं होतं हे कुणीही कबूल करील. पण जुन्या वाड्यांचे पुढचे सज्जे, लाकडी कडीपाट, कोरीव काम, सगळं त्यात गेलं. आम्ही गेलो तेव्हा रस्त्याच्या बाजूने घरं उभी चिरल्यासारखी दिसत होती. वरच्या मजल्यावर पोपटी रंगाची भिंत, तिच्यात कोनाडा, कोनाड्यात कॅलेंडर, आणि खाली काही नाही. बटणांच्या दुकानाची पुढची बाजू गेलेली. शेठ वारले होते, त्यांचा मुलगा उरलेल्या भागात डबे नव्याने रचत होता. अण्णांनी खिशातून टेप काढला. उंबरठ्याच्या जुन्या खुणेवर मला एक टोक धरायला लावलं आणि नव्या शटरपर्यंत मोजलं. मग दुसऱ्यांदा मोजलं. "सव्वातीन गज," ते मुलाला म्हणाले, जणू त्याला ठाऊकच नव्हतं. त्या मुलानेही कौतुक करावं अशा गांभीर्याने मान हलवली आणि म्हणाला, "लेकिन मास्टर, माल पूरा बचा लिया." त्या दिवशी अण्णांनी गरज नसताना अर्धा ग्रोस मागितला. दुकानात अर्धा ग्रोस द्यायची पद्धत नव्हती. त्याने दिला.

उस्तादांचा बोळ रुंदीकरणात वाचला. उस्ताद त्याआधीच गेले होते. त्यांच्या पोरांनी मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढलं होतं आणि खिडकीत खापराच्या नळीच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती. 2018 च्या मे महिन्यात शहागंज, राजाबाजार भागात दंगल झाली, दुकानं जळाली, माणसं गेली. टीव्हीवर तो रस्ता दिसत होता आणि अण्णा खुर्ची टीव्हीच्या जवळ जवळ ओढत होते. आगीत कोणतं दुकान आहे ते त्यांना पाटी दिसण्याआधी कळत होतं. मोबाइलवाल्या पोराचा नंबर त्यांच्या मापाच्या वहीत मागच्या पानावर होता. तो लागला. अण्णांनी फोन हातात घेऊन फक्त "हौ... हौ... अच्छा" एवढंच केलं. त्यांचं गाव, त्यांचं घर, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा त्या रस्त्याबद्दल मनात म्हणालो.

शहर तोपर्यंत जालना रोडवर सरकलं होतं. क्रांती चौकात उड्डाणपूल, पुढे मोंढा नाका, सेव्हन हिल्स. चिकलठाण्याकडे 2010 मध्ये प्रोझोन मॉल झाला. नवीन लोकांना शहर म्हणजे तो रस्ता. अण्णांना मी एकदा प्रोझोनला नेलं होतं. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला ते तयार झाले नाहीत. एका मोठ्या ब्रँडच्या दुकानात त्यांनी कोट हातात घेतला, अस्तर उलटून पाहिलं, बकरमला टाके मारलेत की नुसतं चिकटवलंय ते बोटांनी चाचपलं, आणि परत ठेवला. "चिकटवलंय," ते बाहेर आल्यावर म्हणाले, फार समाधानाने. जालना रोडबद्दल एवढंच त्यांचं मत मला ठाऊक आहे.

शेवटी ते त्याच जालना रोडवरच्या एका दवाखान्यात होते. फुप्फुसं थकली होती. आयुष्यभर कापडाची धूळ, डॉक्टर म्हणाले. बोलणं कमी झालेलं. गंगापूरहून कुणी भेटायला आलं की त्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरायचे. एका नर्सच्या ॲप्रनचा काज फाटलेला होता, तो त्यांनी तिला खुणेने दाखवला आणि तिने हसून "हो काका" म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तो फाटलेलाच होता आणि अण्णांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच तो शिवून द्यायला हवा होता. त्यानंतरच्या आठवड्यात ते गेले. गंगापुरात आमच्या दारात जी माणसं जमली त्यांच्यातले निम्मे जीनमध्ये होते आणि त्यांतल्या बऱ्याच जीनचा घोटा अण्णांनी वळवलेला होता. हे माझ्या लक्षात आलं, कारण खाली बघण्याशिवाय मला दुसरं काही करता येत नव्हतं.

दुकान आम्ही ठेवलं नाही. मशीन एका ओळखीच्या बाईंना दिलं, त्या फॉल-पिकोचं काम करतात. मापाच्या वह्या मी ठेवल्या. अर्ध्या गंगापूरची छाती आणि कंबर त्यांच्यात आहे. पेशंटचं नाव, मग छाती, कंबर, बाही, मुंढा, आणि कधी कधी अण्णांच्या बारीक अक्षरात "डावा खांदा उतरता" किंवा "पोट सांगू नये". पेशंट हा त्यांचाच शब्द, गिऱ्हाइकासाठी. का ते कुणी विचारलं नाही.

मागच्या दिवाळीआधी काही कामाने शहरात गेलो होतो. काम क्रांती चौकात आटोपलं आणि पाय आपोआप पैठण गेटकडे वळले. दरवाजाभोवती किल्ल्या करणारे नाहीत, मोबाइलचे चार्जर विकणारे आहेत. गर्दी तीच. शहागंजचं घड्याळ, जे माझ्या आठवणीत कधी बरोबर वेळ दाखवत नव्हतं, ते स्मार्ट सिटीच्या पैशात दुरुस्त करून रंगवलंय. इमरतीसाठी रांग होती. मी मछली खडकापर्यंत लोकांच्या पाठी बघत गेलो आणि एका सदरेवाल्याचा मुंढा चुकलेला मला कळला. मग मला ते थांबवताच येईना. सिटी चौकापर्यंत प्रत्येक माणसाची कॉलर, प्रत्येकाची बाही. एक माणूस रागाने वळून म्हणाला, "क्या देख रे?" आता त्याला काय सांगणार?

परत येताना बटणांच्या दुकानात शिरलो. शेठचा मुलगा आता स्वतः पांढऱ्या केसांचा आहे आणि कानावर पेन्सिल आहे. मी ओळख दिली नाही. माझ्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलेलं होतं, तेवढं एक हवं होतं. त्याने माझ्या शर्टाचं बटण चिमटीत धरून पाहिलं, छताजवळच्या डब्याकडे बोट केलं, शिडी लावून डबा उतरवला. हुबेहूब तसंच.

"एकच हवंय," मी म्हणालो.

"एक नहीं मिलता. ग्रोस लेना पडेगा."

मी म्हणालो, एका बटणासाठी ग्रोस घेऊन काय करू? तो म्हणाला, हा होलसेलचा धंदा आहे, एकेक बटण विकलं तर डबा कोण सांभाळील. बाजूच्या गिऱ्हाइकाने माझी बाजू घेतली, त्याच्यावर तो अधिकच बिघडला. गंगापूरचं नाव काढलं असतं तर त्याने ते बटण फुकट दिलं असतं, ही माझी खात्री आहे. मी काढलं नाही. ग्रोस घेतला. त्याने तागडी पुढे ओढली, तेव्हा मी म्हणालो, तोलू नका, मोजून द्या. त्याने वर बघितलं. थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग डबा काउंटरवर ओतला आणि माझ्याकडे सरकवला.

"आप ही गिन लो," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला चेनी दाखवायला लागला.

मी मोजली. दोन कमी निघाली. ती मी वसूल केली.